धोबी पक्ष्याला मुकादम असतो का? : साखरशाळेतल्या लहान मुलांना पक्ष्यांचं स्थलांतर सांगताना

उजनीच्या बॅकवॉटरच्या अंगाला, इंदापूरच्या बाजूला, एका साखर कारखान्याच्या टोळ्या दरवर्षी जिथं कोप्या टाकतात तिथं ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी हंगामापुरता वर्ग भरतो. पत्र्याचं शेड, समोर थोडं मैदान, कडेला हातपंप. पोरं पाच ते आठ वर्षांची, बहुतेक बीड जिल्ह्यातली, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर अशी. काही थोडं वाचतात, काही अजून अक्षरं गिरवतायत आणि बऱ्याच जणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच वर्गात येतात. हिवाळ्यात मी तिथं शिकवायला जाते. पक्षी ऋतूप्रमाणे येतात आणि परत जातात हे एवढ्या लहान पोरांना कसं सांगितलं, त्यांनी काय विचारलं, कुठं थांबावं लागलं, एवढ्याच एका गोष्टीबद्दल इथं लिहितेय. सविस्तर लिहितेय कारण या विषयावरचे चार्ट आणि व्हिडिओ बघितले तर बहुतेक सगळे 'थंडी वाजते म्हणून पक्षी उडून येतात' एवढ्यावर उरकतात, आणि मला मनापासून वाटतं की पाच-सहा वर्षांच्या पोरांना याच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

भिगवण जवळ, त्यामुळे कुणीही म्हणेल की रोहित म्हणजे फ्लेमिंगोपासून सुरुवात करा. ते मी मुद्दाम टाळलं. रोहित बघायचा तर होडीतून जावं लागतं आणि ही पोरं पाण्याच्या एवढ्या जवळ राहून होडीत कधी बसलेली नाहीत, मग राहतो फक्त फोटो. शिवाय रोहित म्हटलं की पेपरवाले दरवर्षी 'सायबेरियाचे पाहुणे' छापून मोकळे होतात, पण आपल्याकडचे बरेच रोहित कच्छच्या रणात अंडी घालतात आणि कुठं किती पाणी आहे त्यावर देशातल्या देशात फिरतात, म्हणजे थंडी-उन्हाळ्याचं सरळ येणंजाणं समजावायला तो पक्षी तसा अडचणीचाच. मी धरला धोबी. चिमणीपेक्षा जरा लांबुळका, काळा-पांढरा, शेपूट सारखी वरखाली, उडताना लाटेसारखा वरखाली जाणारा, काही लोक परीट पण म्हणतात. हातपंपाखाली पाणी साचतं तिथं दोन-तीन धोबी रोज सकाळी हजर असायचे, आणि पिवळे धोबी पोरांनी फडात पाहिलेले, पाणी दिलेल्या रानात आणि ऊस तुटून मोकळ्या झालेल्या जागेत किडे टिपत फिरणारे. म्हणजे ज्याची गोष्ट सांगायची तो पक्षी पोरांच्या समोर चालतोय, बोट दाखवून विचारता येतंय. सगळ्यात जास्त फायदा याच एका गोष्टीचा झाला.

पहिल्यांदा मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं की मे महिन्यात हा धोबी कुठं असतो? जरा वेळ कुणी बोललं नाही, मग एकजण म्हणाला "मरून जातंय." दुसरी म्हणाली बिळात झोपतं, बेडकासारखं. तिसऱ्याचं म्हणणं असं की तो उन्हाळ्यात रंग बदलतो आणि दुसराच पक्षी होतो, आणि हे त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं की अर्धा वर्ग त्याच्या बाजूला गेला. एक लहानगी म्हणाली "गावाला जातंय." मी चारही उत्तरं फळ्यावर चित्रं काढून मांडली आणि कुठलंच चूक म्हटलं नाही, कारण ही उत्तरं येडीबागडी नाहीत. ॲरिस्टॉटलनं तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलंय, काही पक्षी थंडीत बिळात लपतात आणि थिरथिऱ्यासारखा एक पक्षी रूप पालटून दुसरा पक्षी होतो असं त्याचं म्हणणं होतं, आणि युरोपात पाकोळ्या तळ्याच्या चिखलात थंडी काढतात असं लोक पुढं शेकडो वर्षं मानत होते. मी पोरांना सांगितलं की तुमच्यासारखाच विचार लई मोठमोठ्या माणसांनी केलाय, आता कुणाचं खरं ते कसं शोधायचं?

इथं मी करकोच्याची गोष्ट सांगितली. १८२२ साली जर्मनीत क्लुट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा सापडला, त्याच्या मानेत आरपार भाला घुसलेला, लांब लाकडी भाला, आणि लोकांनी बघितलं तर असा भाला त्यांच्या मुलखात कुणी बनवतच नाही, तो आफ्रिकेतला निघाला. म्हणजे तो पक्षी थंडीत आफ्रिकेत होता, तिथं कुणीतरी भाला मारला, आणि तो तसाच भाला घेऊन जिवंत उडत परत आला. पक्षी लांब देशात जाऊन येतात याचा एवढा उघड पुरावा माणसांना तेव्हा मिळाला. तो करकोचा पेंढा भरून रोस्टॉकच्या विद्यापीठात अजून ठेवलेला आहे. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती, "दुखलं असंल की" असं दोघीतिघींनी विचारलं, मी हो म्हटलं. मग एकानं विचारलं तो मेला कसा, तर मी खरं ते सांगितलं की जर्मनीत लोकांनी त्याला मारला. काही शिक्षक म्हणतील एवढ्या लहान पोरांना हे कशाला सांगायचं, पण ही पोरं कोयत्याच्या जखमा रोज बघतात, त्यांच्यापासून हे लपवून मला काही मिळवायचं नव्हतं. रंग बदलतो म्हणणारा पोरगा मात्र लगेच मानला नाही, तो म्हणाला करकोचा गेला असंल, धोबी कशावरनं. हा प्रश्न मला फार आवडला, आणि त्याचं उत्तर नंतर पक्ष्यांच्या पायात घालतात त्या कड्यांच्या गोष्टीत मिळालं.

आता का जातात. पोरांना हातपंपापासून थोडं लांब उकिडवं बसवलं आणि एकच काम दिलं, धोबी काय खातो ते बघा. माशा, चिलटं, चिखलातले किडे, एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. मग बर्फ. यांनी हिमवर्षाव कुठं बघितलाय, पण रसवंतीवर बर्फाची लादी सगळ्यांनी बघितलीय, तर तिथून एक तुकडा आणून ओल्या चिखलावर ठेवला आणि हातात काडी दिली, ही तुमची चोच, आता खालचा किडा काढा. काडी मोडली. "लागंनाच की खाली." बास, एवढंच. लांब उत्तरेकडं हिवाळ्यात सगळं रान असं होतं, चिखल दगडासारखा होतो, माश्या दिसत नाहीत, तळी गोठतात, आणि धोब्याला दुसरं काही खाता येत नाही. थंडी वाजणं हा त्यातला छोटा भाग, पक्ष्याला पिसांचं पांघरूण असतंच. याला उलटा दाखला पण दिला, चिमणी दाणे टिपते म्हणून थंडीच्या देशातसुद्धा ती हिवाळाभर तिथंच राहते, तिला वस्तीजवळ काहीतरी मिळतं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मंजी तिकडं काम नसतंय त्याला, म्हणून हिकडं येतंय."

हे वाक्य मी दिलेलं नव्हतं. यांच्या गावात दिवाळीनंतर काम नसतं, पाणी नसतं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत जातात. धोबी सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि मार्च-एप्रिलमध्येच निघतो. महिने जवळपास तेच! ही जोड मी करून दिली असती तर ती उपदेशासारखी वाटली असती, पोरांनी स्वतः केली म्हणून तिच्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

अंतराचं काम त्यामुळेच सोपं गेलं. जगाचा नकाशा मी आणलाच नव्हता, सहा वर्षांच्या मुलाला नकाशावरचा वीतभर कागद म्हणजे तीन हजार किलोमीटर हे कळत नाही, कळण्याचं कारणही नाही. पण गावाहून इथवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रात्रभर बसून आल्याचं सगळ्यांच्या अंगाला आठवतंय, भांडी, कोंबड्या, बाजली सगळं घेऊन. तर एक खडा म्हणजे आपलं गाव ते इथं, साधारण दीडशे किलोमीटर. हातपंपापासून उत्तरेकडं खडे मांडत गेलो. हिमालयाचा पायथा येईपर्यंत नऊ-दहा खडे झाले. मध्य आशियापर्यंत वीसेक. धोब्यातले काही हिमालयातून येतात, काही मध्य आशियातून आणि काही त्याच्याही पलीकडून. मंगोलियाकडून येणाऱ्या पट्टकादंबासाठी आम्ही खडे मांडत शेडच्या मागं रस्त्यापर्यंत गेलो, तो राखाडी, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस इथंच बॅकवॉटरला थंडीत उतरतो, बाजूच्या हरभऱ्यात-गव्हात चरतो म्हणून शेतकरी वैतागतात. तो हिमालय ओलांडून येतो, अंगावर यंत्र लावलेले पट्टकादंब सात हजार मीटरच्या वर उडताना नोंदले गेलेत, जिथं माणसाला श्वास घेणं मुश्किल होतं. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं आहे की विरळ हवेतला ऑक्सिजन ते चांगला पकडतं, पण हे मी पोरांना नाही सांगितलं, 'त्याचं रक्त थोडी हवा असली तरी भागवतं' एवढंच म्हटलं. वजनासाठी दहा रुपयांची तीन नाणी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली, धोबी जवळपास एवढाच, वीस-बावीस ग्रॅमचा. नाणी हातात धरून पोरं त्या खड्यांच्या रांगेकडं बघत राहिली आणि एकजण म्हणाला "एवढुसं?" त्या एका शब्दात त्याला अंतर आणि जीव दोन्ही कळलं होतं, तिथं मी काही बोलले नाही.

मग आला तो प्रश्न. "त्यांस्नी कोण सांगतं निघा म्हणून? त्यांचा मुकादम असतो का?" आणि लगेच दुसऱ्याचं, "उचल घेतल्याली असती का?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुकादम टोळी जमवतो आणि हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीला, तिला कोयता म्हणतात, आगाऊ पैसे देतो ती उचल, आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. पोरांच्या डोक्यात 'गाव सोडून जाणं' म्हणजे कुणीतरी पैसे दिलेत आणि कुणीतरी नेतंय असंच असणार. मी सांगितलं की पक्ष्यांना मुकादम नसतो, त्यांना दिवस सांगतो. दिवस लहान व्हायला लागला, मोठा व्हायला लागला, हे त्यांना कळतं, पक्ष्यांच्या डोक्यात उजेड ओळखणारा भाग असतो आणि उजेडाच्या तासांवरून त्यांचं शरीर तयारीला लागतं, भूक वाढते, चरबी साठते, काही छोटे पक्षी तर निघण्याआधी वजनानं दुप्पट व्हायला येतात. हे नुसतं सांगून पटणार नव्हतं म्हणून आम्ही सूर्य बघितला. वर्गाच्या दारात एक वीट पक्की केली, तिच्यावर उभं राहून पश्चिमेला बघायचं आणि सूर्य कशाच्या मागं बुडतो ते वहीत काढायचं. डिसेंबरच्या शेवटी तो एका बाभळीच्या मागं जायचा, मग हळूहळू उजवीकडं सरकत गेला, मार्चमध्ये पाण्याच्या टाकीपाशी पोचला. डिसेंबरात आपल्याकडं दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, मार्च संपताना बाराच्या वर जातो. तासांचं गणित पोरांना नाही कळलं तरी बाभूळ ते टाकी हे अंतर त्यांना कळलं, "धोब्याला टाकी दिसली की निघायचं" असं त्यांचं ठरलं, आणि मी ते तसंच ठेवलं कारण मूळ गोष्ट त्यात बरोबर आहे.

या प्रश्नावर थोडं थांबते, कारण जो कुणी अशा मुलांना हा विषय शिकवेल त्याला इथं जपून चालावं लागेल. पक्षी जातात-येतात तसेच तुमचे आईबाप जातात-येतात, निसर्गाचाच नियम आहे, असं गोड वाक्य तोंडावर येतं आणि ते धादांत खोटं आहे. धोबी कुणाचं कर्ज फेडायला येत नाही. ऊसतोड हा निसर्गाचा ऋतू नाही, त्याच्या मागं पाणी कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, जमीन कुणाची, मजुरीचा दर काय हे सगळं आहे. पोरांनी केलेली तुलना पोरांची, ती मी मोडली नाही, पण जिथं फरक आहे तिथं फरक आहे असं स्पष्ट सांगितलं, धोब्याची शाळा बुडत नाही, तुमची बुडते, आणि ती बुडू नये म्हणून हा वर्ग आहे, गावात हंगामी वसतिगृह आहे, गाव बदललं तरी शाळा चालू राहावी म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. हे ऐकून एकीनं आपलं कार्ड दप्तरातून काढून दाखवलं.

याच्याहून अवघड प्रश्न 'घर कुठलं' हा निघाला. मी सांगत होते की उन्हाळ्यात उत्तरेकडं दिवस खूप मोठा असतो, अगदी वर गेलं तर सूर्य जेमतेम मावळतो, बर्फ वितळून किडेच किडे होतात, पिल्लांना दिवसभर भरवता येतं आणि जागाही भरपूर, म्हणून पक्षी परत जाऊन तिकडंच घरटं करतात. पुस्तकात इथं पुढचं वाक्य असतं, जिथं पिल्लं होतात ते पक्ष्याचं घर. एका मुलानं मी म्हणायच्या आधीच ते म्हटलं, "पिल्लं व्हत्यात ते गाव." आणि त्याच्या शेजारची म्हणाली, "आमचा बाळू तर हितंच झाला, कोपीत." मग हे त्याचं गाव का? वर्गात यावर जोरात भांडण झालं. मी पंच व्हायला नकार दिला, पक्ष्यापुरतं एवढंच म्हटलं की तिकडं तो पिल्लं वाढवतो आणि इथं तो वर्षातला साधारण निम्मा काळ पोट भरतो, दोन्हीपैकी एक जागा गेली तरी तो जगणार नाही. हे वाक्य मोठ्यांसाठी पण महत्त्वाचं आहे. आपण त्यांना पाहुणे म्हणतो आणि पाहुण्याचा हक्क नसतो असं मनात धरतो, पण पाणथळ भरून टाकली, काठावर औषधं मारून किडे संपवले तर त्यांचं अर्धं आयुष्यच आपण काढून घेतो.

रस्ता कसा कळतो हे सांगताना मी एकच उत्तर निवडलं, तारे. सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, नद्या-डोंगर हे सगळं पक्षी वापरतात, पण लहान पोरांना चुंबकत्व सांगायला गेलं की नुसते शब्द राहतात. बरेच छोटे पक्षी रात्री उडतात (धोबी दिवसाही प्रवास करतो, ते सांगितलं). अमेरिकेत १९६० च्या दशकात स्टीफन एमलेन यांनी इंडिगो बंटिंग नावाचे छोटे निळे पक्षी तारांगणात ठेवले होते, खाली शाईचा पॅड, भोवती नरसाळ्यासारखा कागद, पक्षी ज्या दिशेला उड्या मारेल तिकडं पायाचे शाईचे ठसे. खोट्या आकाशातली उत्तर फिरवली की ठसेपण फिरायचे. आम्ही एका कोंबडीचे पाय गेरूच्या पाण्यात बुडवून तिला कागदावर सोडलं, तिला तारे नव्हते, ती सरळ कण्यांकडं गेली, पण ठशांवरून दिशा कळते एवढं पोरांना समजलं. घरचा अभ्यास दिला ध्रुव शोधायचा. इथं आईबाप पहाटे चारला फडावर निघतात, जानेवारीत तेव्हा सप्तर्षी वर आलेले असतात, आणि बऱ्याच आयांना ध्रुव माहीत होता. दुसऱ्या दिवशी "आईनं दावला" सांगायला रांग लागली. शाळेच्या गोष्टीत आईला काहीतरी माहीत असणं हे या पोरांना फार कमी वेळा अनुभवायला मिळतं.

आणि तो रंग बदलणारा धोबी. त्या मुलाला मी कड्यांची गोष्ट सांगितली. १८९९ साली डेन्मार्कमध्ये मॉर्टेनसेन नावाच्या शिक्षकानं मैनेच्या जातीतल्या पक्ष्यांच्या पायात नंबर लिहिलेली ॲल्युमिनियमची कडी घातली, तिथून पायात कडं घालून पक्षी सोडायची पद्धत सुरू झाली, आपल्याकडं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं हजारो पक्ष्यांना अशी कडी घातलीत. नंबर तोच, म्हणजे पक्षी तोच. कडं घातलेले कितीतरी पक्षी पुढच्या वर्षी नेमके त्याच जागी परत सापडतात. पोरगा म्हणाला मग आपल्या धोब्याला पण घालू. परवानगी लागते, शिकलेला माणूस लागतो, असं समजावलं तर त्यानं धोब्याचं चित्र काढून पायात कडं काढलं आणि आत आपला हजेरी नंबर लिहिला.

एप्रिलमध्ये पोरं जाणार, तिथं धोबी नाही, मग विषय इथंच सोडायचा का? म्हणून शेवटचा पक्षी मी त्यांच्या गावचा घेतला, चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पावसाच्या तोंडावर 'पियू पियू' ओरडत येतो, आणि आपल्या भागात जूनमध्ये दिसणारे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात असं मानलं जातं. तो घरटं करत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो, पिल्लाला सातभाई वाढवतात. पावसाळा संपला की चातक निघतात, आणि ज्या पिल्लाला खऱ्या आईबापानं कधी भरवलं नाही ते पिल्लूही आपापलं निघतं, रस्ता दाखवायला कुणी नसताना. सातभाई सगळ्यांनी बघितलेले आहेत, बांधावर कलकल करणारे, तपकिरी, घोळक्यानं. काम असं दिलं की जूनमध्ये सातभाईंच्या मागं कुणी तुऱ्यावालं फिरतंय का बघायचं आणि कुणाच्या तरी मोबाईलवरून मला आवाज पाठवायचा. पाऊस लागल्यावर काही आवाज आले. एकात वारा जास्त आणि चातक कमी, एकात कोकीळच होती. धारूरकडच्या एका मुलीनं नुसतं बोलून पाठवलं की चातक दिसला, सातभाई त्याला हाकलत होते, आणि तिला विचारायचं होतं की पिल्लू तर त्याचंच वाढवायचंय मग हाकलतात कशाला. त्याचं उत्तर मी तिला पाठवलं, त्यांना ते माहीत नसतं, त्यांना फक्त एवढं कळतं की हा आपल्या घरट्याजवळ घुटमळतोय.